नवं पॅनल, जुनी टाकी आणि न जुळणारा रंग

मोटरसायकल एका कुशीवर पडली की सगळ्यात आधी साइड पॅनल जातं. कंपनीकडून रंगवून आलेलं पॅनल मागवायचं तर कधी स्टॉकमध्ये नसतं, कधी किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. मग बिनरंगाचं पॅनल आणायचं आणि पेंटरकडे द्यायचं. दुकानात ट्यूबलाइटखाली टाकीशेजारी धरलं तर फरक शोधून सापडत नाही. गाडी बाहेर उन्हात काढली की टाकी वेगळी, पॅनल वेगळं. पेंटर म्हणतो, "थोडं ऊन लागू द्या, मिळून येईल." येत नाही.

यात दर वेळी पेंटर फसवतोय असं नसतं. रंग जुळवणं हे काम बाहेरून वाटतं त्यापेक्षा बरंच किचकट आहे, आणि त्याचा जेमतेम अर्धा भाग डब्यातल्या रंगाशी संबंधित आहे. उरलेलं सगळं खालचा थर, रंग फवारायची गन कशी चालली, किती कोट म्हणजे थर बसले आणि गाडी किती वर्षं उन्हात उभी राहिली यावर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की पेंटरकडे नेमकं काय मागायचं ते कळतं.

कोड मिळाला म्हणजे रंग मिळाला असं नाही

सुरुवात कोडपासूनच करायची. होंडाच्या बऱ्याच मॉडेलवर सीटखाली किंवा आसपास छोटं स्टिकर असतं, त्यावर रंगाचं नाव आणि कोड छापलेला असतो. कोडची अक्षरं उगाच दिलेली नाहीत. 'एनएच' म्हणजे काळा-पांढरा-राखाडी असा तटस्थ रंग, 'आर' म्हणजे लाल, 'पीबी' म्हणजे जांभळट निळा. शेवटी 'एम' असेल तर मेटॅलिक, 'पी' असेल तर पर्ल, 'सी' असेल तर कँडी. पार्ट कॅटलॉगमध्ये रंगीत भागाच्या नंबरमागे 'झेडए', 'झेडबी' अशी शेपटी असते, ती त्या पार्टचा रंग सांगते. बाकी कंपन्यांच्या पद्धती वेगवेगळ्या. कुठे नुसता आकडा, कुठे तीन अक्षरं, कुठे फक्त पार्ट नंबरवरून शोधावं लागतं.

कोड सापडला नाही तरी नाव सोडू नका, कारण नावातला पहिला शब्द कामाचा असतो. हिरोचा 'कँडी ब्लेझिंग रेड' आणि होंडाचा 'पर्ल इग्नियस ब्लॅक' ही नावं ऐकायला जाहिरातीसारखी वाटतात. पण कँडी आणि पर्ल हे शब्द रंगाची रचना सांगतात. पेंटरने "लाल आहे ना, मग लाल मारतो" म्हटलं आणि गाडी कँडी लाल असली, तर जुळण्याची आशा तिथेच सोडायची.

आता कोडची मर्यादा. रंग मिसळणाऱ्या दुकानात कोड टाकला की संगणक फॉर्म्युला देतो: अमुक टिंटर (मिसळायचा मूळ रंग) इतके ग्रॅम, तमुक इतके, पार ग्रॅमच्या दशांशापर्यंत. गाड्यांचे, म्हणजे चारचाकींचे फॉर्म्युले भरपूर मिळतात. दुचाकींचे त्या मानाने कमी, आणि जुन्या मॉडेलचे तर नाहीतच म्हटलं तरी चालेल. शिवाय एकाच कोडचेही दोन-चार प्रकार यादीत असतात: एक मूळ, एक थोडा पिवळट, एक थोडा निळसर, एक जाड दाण्याचा. कारण कारखान्यातच वेगवेगळ्या बॅचमध्ये, वेगवेगळ्या प्लँटमध्ये रंग थोडा सरकतो.

एवढंच कशाला, नव्याकोऱ्या गाडीवरही टाकी आणि पॅनल तंतोतंत एक नसतात. टाकी पत्र्याची. तिचा रंग साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअसला भाजतात. पॅनल एबीएस प्लास्टिकचं असतं, ते एवढ्या उष्णतेत वाकडं होईल, म्हणून त्याला ८० अंशांच्या आसपास भाजला जाणारा वेगळा रंग लागतो. दोन वेगळे रंग, दोन वेगळ्या लाइन, क्वचित दोन वेगळे पुरवठादारही. शोरूममधल्या गाडीकडे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नीट बघा, विशेषतः सिल्व्हर असेल तर. म्हणजे 'अगदी कंपनीसारखं' या मागणीत कंपनीचा स्वतःचा फरकही धरलेला असतो.

ट्यूबलाइट खोटं बोलते

दुकानात जुळलेला रंग बाहेर फुटतो त्याला मेटामेरिझम म्हणतात. आपल्याला रंग दिसतो तो वस्तूवरून परत आलेल्या प्रकाशाचा. दोन रंगांमध्ये रंगद्रव्यं वेगळी असली तरी एखाद्या ठरावीक उजेडात दोघांकडून डोळ्याला सारखाच परिणाम मिळू शकतो. उजेड बदलला की ती बरोबरी मोडते. कंपनीने निळ्यासाठी एक द्रव्य वापरलं असेल आणि पेंटरने हाताशी असलेल्या दुसऱ्या निळ्यात थोडा जांभळा घालून तोच रंग गाठला असेल. एलईडीखाली दोन्ही एक, उन्हात एक लालसर.

त्यामुळे तुलना करायची तर दिवसा, दुकानाबाहेर. आधी सावलीत, मग थेट उन्हात, आणि जमलं तर रात्री रस्त्यावरच्या दिव्याखालीही. सकाळी सात किंवा संध्याकाळी सहा ही वेळ टाळा. त्या वेळच्या पिवळ्या उन्हात राखाडी आणि पांढऱ्याचा अंदाज हमखास चुकतो.

यंत्राने मोजायची सोयही आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगावर उजेड टाकतो, कोणत्या तरंगलांबीचा किती परत आला ते मोजतो, आणि रंगाला तीन आकडे देतो: किती उजळ, लाल-हिरव्यात कुठे, पिवळ्या-निळ्यात कुठे. ही मोजणी १९७६ मध्ये ठरलेल्या सीआयई-लॅब पद्धतीने होते. दोन रंगांमधलं अंतर 'डेल्टा ई' या एका आकड्यात येतं. डेल्टा ई साधारण १ च्या खाली असेल तर सवयीच्या डोळ्यालाही फरक शेजारी-शेजारी ठेवूनच जाणवतो, तोही जेमतेम. मेटॅलिकसाठी एकाच कोनातून मोजून भागत नाही, म्हणून त्या यंत्रात १५, ४५, ११० अंश असे अनेक कोन असतात. मोठ्या बॉडीशॉपमध्ये असं यंत्र असतं. पण ते सपाट जागेवर टेकवावं लागतं, आणि मोटरसायकलच्या टाकीवर सपाट जागा शोधणं हाच एक उद्योग आहे.

मेटॅलिक: सगळी गोम इथे

साध्या, म्हणजे सॉलिड रंगात पेंटरला चुकायला जागा कमी. यामाहा आरएक्स १०० ची लाल किंवा काळी टाकी नीट मिसळलेल्या रंगाने मारली आणि पुरेसे कोट दिले की गन थोडी इकडेतिकडे झाली तरी शेवटी रंग तोच दिसतो. मेटॅलिकचं तसं नाही.

मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे अतिशय बारीक, चपटे कण असतात. पाण्यावर पडलेल्या पानांसारखे ते रंगाच्या थरात पसरतात, आणि प्रत्येक कण छोट्या आरशाचं काम करतो. समोरून बघितलं तर उजेड थेट परत येतो, रंग उजळ दिसतो. बाजूने, तिरपं बघितलं तर गडद दिसतो. समोरच्या आणि तिरप्या दिसण्यातल्या या फरकाला पेंटवाले 'फ्लॉप' म्हणतात. दोन पॅनल समोरून जुळली आणि बाजूने नाही जुळली, तर फ्लॉप चुकला.

हे कण थरात कसे बसतील ते गन ठरवते. ओला, जड कोट मारला तर रंग वाळायला वेळ लागतो, कण खाली बसतात, वर रंगद्रव्य राहतं, आणि पॅनल गडद दिसतं. कोरडा, हलका कोट मारला तर कण जातील तिथे वरच्या वर अडकतात आणि पॅनल उजळ, चंदेरी दिसतं. हवेचं प्रेशर वाढवलं, गन लांब धरली, पटकन उडणारं थिनर घातलं, की रंग कोरडा बसून उजळतो. उलट केलं की गडद होतो. तोच डबा, तीच गन, तोच माणूस, तरी मे महिन्यातल्या दुपारी मारलेलं पॅनल आणि जुलैच्या ओल्या संध्याकाळी मारलेलं पॅनल शेजारी ठेवलं तर दोन शेड वाटतील.

कारखान्यात बऱ्याच ठिकाणी हे काम मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या फिरत्या कपाने आणि विजेच्या भाराने होतं. त्यात थेंबाचा आकार आणि वेग दर वेळी सारखाच राहतो. तो परिणाम हाताच्या गनने गाठायचा म्हणजे रंग न बदलता मारण्याची पद्धत बदलत जायचं. म्हणून चांगला पेंटर मेटॅलिक जुळला नाही की लगेच डब्यात टिंटर ओतत नाही. आधी प्रेशर आणि अंतर बदलून बघतो. माझ्या मते पेंटर ओळखायची हीच खूण. शेड गडद आली म्हणून पहिल्याच फटक्यात पांढरा ओतणारा माणूस मेटॅलिक बिघडवतो, कारण पांढऱ्याने कणांची चमक मरते आणि तिरप्या कोनातून रंग दुधट दिसायला लागतो.

आणखी एक त्रास म्हणजे ढग. कोट फार ओला झाला की कण वाहतात, एका जागी गोळा होतात आणि पॅनलवर गडद-उजळ डाग दिसतात. उपाय म्हणजे शेवटचा हलका कोट, गन नेहमीच्या १५-२० सेंटीमीटरपेक्षा थोडी लांब धरून, धुक्यासारखा. यामुळे कण एकसारखे बसतात. पण तोच कोट रंग उजळही करतो, म्हणून तो नमुन्यावरही मारलेला असला पाहिजे.

पर्ल आणि कँडी

पर्लमध्ये अॅल्युमिनियमऐवजी अभ्रकाचे कण असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ मुलामा. हा मुलामा किती जाड यावर कोणता रंग झळकेल ते ठरतं. पांढरा पर्ल बहुतेकदा तीन थरांत येतो: खाली पांढरा बेस, मध्ये पारदर्शक पर्ल, वर क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा चकाकता थर. मधल्या थराचे दोन कोट मारले तर एक पांढरा, चार मारले तर दुसराच. डब्यावर हे लिहिलेलं नसतं.

कँडी त्याहून अवघड. खाली चंदेरी किंवा सोनेरी बेस आणि त्यावर पारदर्शक रंगाचा थर. उजेड रंगातून जातो, बेसवर आपटतो, परत रंगातून बाहेर येतो. म्हणून तो रंग खोल, ओला दिसतो. प्रत्येक कोटाला तो गडद होत जातो, आणि काठावर, वळणावर चुकून दोनदा गन फिरली तर तिथे काळपट पट्टा उमटतो. कँडीचं एकच पॅनल जुळवून द्या म्हणणं पेंटरवर अन्याय आहे. टाकी आणि दोन्ही पॅनल एकत्र, एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून मारून घेणं शहाणपणाचं. खर्च वाढतो, पण दोनदा काम करण्यापेक्षा कमीच.

मॅट रंग दिसायला साधा, पण त्यात दुरुस्ती नाही. पॉलिश करायला गेलं की तो चकाकतो आणि मॅटपणाच जातो. त्याची चमक क्लिअरच्या जाडीवर आणि वाळण्याच्या वेगावर बदलते, त्यामुळे तिथे शेडबरोबर चमकही जुळवावी लागते.

तुमची टाकी आज कोणत्या रंगाची आहे?

कंपनीचा मूळ रंग अचूक मिळाला तरी तो सहा वर्षांच्या गाडीला जुळेलच असं नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगद्रव्य मरतं, लाल आणि पिवळ्यातली काही द्रव्यं जास्त लवकर. क्लिअर कोटही कालांतराने पिवळट होतो. टाकीवरचा बॅज काढून बघा किंवा सीटखाली झाकलेला टाकीचा भाग बघा. तिथला रंग आणि वरचा रंग यांत फरक दिसला तर तेवढा तुमचा रंग उडालाय.

म्हणून नमुना जुळवायचा तो पॅनल ज्याच्या शेजारी बसणार त्या भागाशी. सीटखालच्या ताज्या रंगाशी जुळवला तर गाडीवर बसवल्यावर पॅनल नवं नवं दिसत राहील. त्याआधी टाकीचा तेवढा भाग धुऊन, रबिंग कंपाउंडने घासून घ्यावा. वरचा मेलेला, खडूसारखा थर निघाला की खाली पुष्कळदा बराच बरा रंग सापडतो, आणि मग जुळवायचा फरकही निम्म्यावर येतो. "ऊन लागू द्या" या सल्ल्याचा उगम कदाचित इथेच असावा. पण नवीन रंग जुन्याच्या वेगाने आणि जुन्याच्याच दिशेने उडेल याची खात्री कोण देणार?

रंगाखाली काय आहे हेही दिसतं. पिवळा, लाल यांची झाकण्याची ताकद कमी. पांढऱ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, तो एक दिसतो, गडद राखाडीवर दुसरा. कारखान्यात प्रत्येक रंगाखाली ठरलेल्या छटेचा प्रायमर असतो. आपल्याकडे प्रायमर म्हणजे जो डबा उघडा आहे तो. तुम्ही लाल किंवा पिवळा मारून घेत असाल तर "खाली कोणता प्रायमर मारणार?" हे नक्की विचारा, आणि तोच नमुन्याखालीही मारायला सांगा.

नमुन्याचं कार्ड

सगळ्या कटकटीवर एकच खात्रीचा उपाय आहे, आणि आपल्याकडे तोच वगळला जातो. पोस्टकार्डाएवढा पत्रा किंवा जाड कार्ड घ्यायचं. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं छोटं स्टिकर लावायचं किंवा मार्करने काळी रेघ ओढायची. जो प्रायमर पॅनलखाली येणार तोच खाली मारायचा. मग बेस कोट, पॅनलवर जसा मारणार तसाच: तेच प्रेशर, तेच अंतर, तेवढेच कोट. काळी रेघ दिसेनाशी झाली की रंग पूर्ण झाकला गेला असं समजायचं आणि किती कोट लागले ते कार्डामागे लिहून ठेवायचं. शेवटी अर्ध्या कार्डावर क्लिअर.

क्लिअरशिवाय निर्णय घ्यायचा नाही. बेस वाळल्यावर निस्तेज, फिकट दिसतो. क्लिअर चढला की खोल होतो आणि गडद सरकतो. ओल्या रंगावरून शेड ठरवणं तर त्याहून वाईट. कार्ड पूर्ण वाळलं की ते टाकीला अगदी टेकवून, त्याच कोनात धरायचं. दोन्हींमध्ये फट राहिली की डोळा फसतो. समोरून, डावीकडून, उजवीकडून, आणि बसून खालून वर बघायचं. पर्ल असेल तर अशी तीन कार्डं करायची, एकावर मधल्या थराचे दोन कोट, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर चार, आणि त्यांतलं जुळेल ते निवडायचं. पुण्यात नाना पेठेत पार्ट घेऊन तिथूनच जवळच्या पेंटरकडे जाणाऱ्यांनी या कार्डासाठी एक दिवस जास्त द्यावा. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्यावेत.

फरक लपवायच्या जागा

मोठे फायदे मोटरसायकलला आपसूक मिळालेले आहेत. चारचाकीत दार रंगवलं की शेजारच्या दारावर रंग हळूहळू विरवत न्यावा लागतो, कारण दोन दारं एका सपाटीत येतात. बाइकवर टाकी आणि पॅनल यांच्यामध्ये सीटचा काळा पट्टा येतो, चेसिसची नळी येते, मांडी येते. डोळा फक्त शेजारच्या गोष्टींची तुलना करतो. डावं आणि उजवं पॅनल एकाच वेळी दिसत नाहीत, पण टाकी आणि हेडलाइटचा काऊल (भोवतीचं कवच) बऱ्याच गाड्यांवर अगदी लागून असतात. म्हणून काऊलचा रंग जुळायला हवा तेवढा पुढच्या मडगार्डचा काटेकोर जुळायची गरज नाही.

प्लास्टिकबद्दल एक गोष्ट. पॅनलच्या आत 'एबीएस' किंवा 'पीपी' (पॉलिप्रॉपिलीन) असं कोरलेलं असतं. एबीएसवर रंग सहज धरतो, फक्त त्यावर जहाल थिनर ओतू नये, ते विरघळतं. पीपीवर मात्र चिकटण्यासाठीचा खास प्रायमर आधी मारला नाही तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. मग शेड कितीही जुळलेली असो.

स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग नुसतं थिनर उडून वाळतो. कित्येक वर्षांनी थिनर लागलं तरी तो सुटतो, आणि टाकीच्या झाकणाशी पेट्रोल सांडत राहिलं की तिथे निस्तेज डाग पडतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, त्यावर पांढुरकं धुकंही चढतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. टाकीला हार्डनर घालून मारायचा टू-के क्लिअरच घ्यावा. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात गेलं तर कायमचा दमा होऊ शकतो, आणि रुमाल बांधून किंवा साध्या मास्कने ते थांबत नाही. घरच्या घरी गॅलरीत टू-के फवारायचा बेत असेल तर तो सोडून द्या. टाकी पेंटरकडे देतानाही पेट्रोल पूर्ण काढून, आतून सुकवून द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते.

रंग जुळवण्याऐवजी बदलायचाच विचार असेल तर आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो, आधी आरटीओत कळवावं लागतं. आणि लष्करी ऑलिव्ह ग्रीन खाजगी गाडीला मारता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने ती छटा संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवली आहे.

राहिले स्टिकर आणि रेषा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांवर ग्राफिक्स क्लिअरच्या खाली असतात, म्हणजे टाकी घासली की ते गेले. घासण्याआधी टेपने मोजून, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि नवे स्टिकर हातात आल्याशिवाय क्लिअर चढवू देऊ नका. बुलेटवाल्यांनी तर आणखी जपावं. काळ्या टाकीवरच्या त्या सोनेरी रेषा चेन्नईच्या कारखान्यात कारागीर हाताने ओढत आले आहेत. पेंटरकडे त्या जागी बहुतेक वेळा तयार सोनेरी टेपची पट्टी मिळते.